पिवळा फॉक्सग्लोव्ह आपल्याकडे फुलेल का? मराठवाड्यातल्या बागकामवाल्यांना विचारणा

निशिगंधा_लातूर (जून)

नमस्कार मंडळी,

लातूरला आमचं घर आहे. पूर्वेला छोटं अंगण, वर गच्ची. हिवाळी फुलं दरवर्षी करते: पिटुनिया, डॉग फ्लॉवर, फ्लॉक्स, हॉलीहॉक, झालंच तर लार्कस्पर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका आधी कुंड्या बघतात, मग वाण घेतात. यंदा मात्र मनात पिवळा फॉक्सग्लोव्ह बसलाय.

जांभळा-गुलाबी फॉक्सग्लोव्ह बऱ्याच जणांनी थंड डोंगरी गावांत पाहिला असेल. पिवळा फारसा कुणाकडे दिसत नाही. माझी नणंद जर्मनीत असते, तिने तिकडच्या बागेतला व्हिडिओ पाठवला. कमरेएवढा दांडा, त्याच्या एकाच बाजूला लटकलेल्या फिकट पिवळ्या घंट्या, आणि घंटीच्या आत तपकिरी रेघांची बारीक जाळी. नाव कळलं डिजिटॅलिस ग्रँडिफ्लोरा. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

विचारायचंय ते असं. आपल्या उन्हात हे झाड तगेल का? बी कधी टाकायचं? काळ्या मातीत चालेल का? आणि ते विषारी असतं म्हणतात, ते कितपत? घरात लहान मूल येतंजातं. नणंद दिवाळीत येणार आहे, बी आण म्हणून सांगू का?

बालाघाट_शिवार (जून)

ताई, राग मानू नका, पण मनातलं बोलतो. आमच्या बीड जिल्ह्यात बोअर एप्रिलातच आटायलेत. तुमच्या लातूरला तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते विसरायसारखं नाही. अशा मुलखात थंड देशातलं, सतत ओल मागणारं झाड आणायचं म्हणजे मला पटत नाही. तगर आहे, कोरांटी आहे, अबोली आहे. पिवळंच पाहिजे तर पिवळी कोरांटी हिवाळ्यात अशी फुलते की बघत राहावं.

निशिगंधा_लातूर (जून)

दादा, राग कसला. त्या उन्हाळ्यात आम्हीही रांगेत घागरी लावल्यात. म्हणूनच वाफा करणार नाही, तीन-चार कुंड्याच करीन. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आणि पावसाळ्यात पन्हाळीखाली साठवलेलं, एवढ्यावर माझी कुंडीतली बाग चालते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की सगळ्यात आधी फुलझाडांचं पाणी बंद, हा आमच्या घरचा नियम आहे. कोरांटी दारात आहेच, तुमचं म्हणणं खरं आहे, ती न मागता देते.

मुरूमकुंडी (जून)

ताई, मी छत्रपती संभाजीनगरला असतो आणि पिवळा फॉक्सग्लोव्ह गच्चीवर फुलवलेला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जात ठरवा, कारण पिवळे फॉक्सग्लोव्ह एकाहून जास्त आहेत. तुम्ही म्हणता तो ग्रँडिफ्लोरा मध्य युरोपापासून सायबेरियाच्या पश्चिमेपर्यंतच्या डोंगरी जंगलांच्या कडेला वाढतो. फूल चार-पाच सेंटिमीटर लांब, आत ती जाळी. दुसरा डिजिटॅलिस लुटिया. याची फुलं त्याच्या निम्म्याहूनही लहान, अरुंद, फिकट लिंबाच्या रंगाची, जाळी नसलेली. पानं गुळगुळीत. दिसायला तो साधा, पण चुनखडीच्या जमिनीत तो आनंदाने वाढतो, आणि आपल्या पाण्यात-मातीत चुन्याची काय कमी. तिसरा डिजिटॅलिस ऑब्स्क्युरा, स्पेनच्या कोरड्या टेकड्यांवरचा. त्याची फुलं पिवळट-तांबूस, गंजलेल्या लोखंडाच्या छटेची. कोरडं हवामान तोच सगळ्यात बरा सोसतो, मात्र आपल्या भादव्यातल्या झडीत मुळं कुजून जातो. जांभळा जो सगळ्यांना माहीत आहे तो परप्युरिया, तो दोन वर्षांचा पाहुणा: पहिल्या वर्षी पानांचा झुबका, दुसऱ्या वर्षी फूल, बी आणि शेवट. पिवळे मात्र बहुवर्षायू आहेत. निदान त्यांच्या मुलखात तरी.

आता आपल्या मुलखाचं. मराठवाड्यात हे झाड रब्बीचं समजायचं. हरभऱ्याला जी हवा मानवते तीच याला मानवते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, दिवस कोवळे असतात, आकाश निरभ्र. तेवढी अडीच-तीन महिन्यांची खिडकी आपल्या हातात आहे. एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ग्रँडिफ्लोरा जगवणं ही वेगळी लढाई, त्याबद्दल नंतर.

बी श्रावणात टाका. कारण असं की या झाडाला फूल धरायला थंडी लागते, आणि ती थंडी अंगावर घ्यायला झुबका बऱ्यापैकी वाढलेला लागतो. दसऱ्याला बी टाकलं तर थंडी येईस्तोवर रोप चार पानांचंच राहतं, मग ते वर्षभर पानंच काढत बसतं. माझ्या अनुभवात श्रावणातल्या रोपाला दिवाळीपर्यंत तळहाताएवढी आठ-दहा पानं होतात आणि फेब्रुवारीत दांडा वर येतो.

बी राखेसारखं बारीक असतं. ते मातीने झाकायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. त्याला उगवायला उजेड लागतो. पसरट कुंडी किंवा मिठाईचा प्लास्टिकचा डबा घ्या, बुडाला भोकं पाडा, चाळलेलं कोकोपीट आणि बारीक वाळू भरा, डबा पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओला होऊ द्या. मग बी कोरड्या वाळूत मिसळून चिमटीने वर भुरभुरा आणि हाताने हलकं दाबा. वरून झारी नाही, फवारणीची बाटलीसुद्धा लांबूनच. घरातल्या सगळ्यात गार, उजेडाच्या खिडकीत ठेवा. आमच्याकडे माठ ठेवायची जागा तशी आहे. दोन ते तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात.

त्यानंतरचे दिवस नाजूक. श्रावणातल्या दमट हवेत रोपं मानेपाशी बारीक होऊन आडवी पडतात. रोपमर म्हणतो आपण ती. झाकण उघडं ठेवा, हवा खेळू द्या, माती सदा चिंब ठेवू नका.

परभणीकर_मृदा (जून)

मुरूमकुंडी काकांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवण्यासारखा. रोपमरीसाठी कोकोपीटमध्ये आधीच ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून दोन-चार दिवस ओलसर ठेवा. आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बायोमिक्स नावाचं उपयुक्त सूक्ष्मजीवांचं मिश्रण मिळतं, हळदवाले शेतकरी ते लांबून येऊन नेतात, तेही चालेल.

मातीबद्दल थोडं. आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली, चिकण, आणि सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते. फॉक्सग्लोव्हच्या मुळांना या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. त्यामुळे कुंडीत काळी माती जवळपास घालूच नका. पानांचं कुजलेलं खत दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, चाळलेला मुरूम एक भाग, मूठभर गांडूळखत. मुरूम लाल, हलका घ्या. पांढरट चुनखडीचा नको.

पाणी हा खरा मुद्दा. बोअरचं जड पाणी रोज घालत गेलात तर महिन्या-दीड महिन्यात नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात. लोक नत्र कमी पडलं समजून युरिया टाकतात. ती लोहाची कमतरता असते. लोह मातीत असतं, पण सामू जास्त असला की मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी दुकानात चिलेटेड लोह मागताना ईडीडीएचए प्रकारचं मागा. स्वस्तातलं ईडीटीएचं लोह विम्ल, म्हणजे जास्त सामूच्या मातीत टिकत नाही, मातीतून दिलं तर पैसे वाया. फवारणीतून द्यायचं असेल तर ईडीटीए चालतं.

आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी बागेला घालू नका. त्यात क्षार आणखी साठलेले असतात. सॉफ्टनरचं तर अजिबात नको, त्यात सोडियम येतं. पन्हाळीचं पाणी साठवता म्हणालात, ते या झाडासाठी राखून ठेवा. सिमेंटच्या कुंडीतूनही चुना पाझरतो, म्हणून मातीची कुंडी.

रानवाटा_खुलताबाद (जून)

आमच्या म्हैसमाळला उंची हजार मीटरच्या आसपास, हवा संभाजीनगरपेक्षा गार. पठारावर कड्याच्या सावलीला बी टाकून बघावं का? निसर्गातच रुजलं तर कायमचं होईल, पर्यटकांनाही बघता येईल.

परभणीकर_मृदा (जून)

कृपा करून असं करू नका. फॉक्सग्लोव्हच्या एका दांड्यातून हजारो बिया पडतात. जांभळी जात युरोपातून न्यूझीलंड, चिलीसारख्या देशांत गेली आणि तिथे रानात पसरली. आपल्याकडे थंड डोंगरांवरही बागेतून सुटून ती रुजली आहे. म्हैसमाळच्या पठारावर पावसाळ्यात जी रानफुलं येतात ती आधीच गाड्यांखाली आणि पायांखाली आहेत. पिवळा मराठवाड्यात पसरेल असं मी म्हणत नाही, पण प्रयोग कुंडीत करायचा, रानात नाही.

रानवाटा_खुलताबाद (जून)

पटलं. कुंडीतच करतो, घराच्या ओट्यावर.

नाडीपरीक्षक (जुलै)

मी नांदेडला डॉक्टर आहे. विषाबद्दल ताईंनी विचारलंय आणि त्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे: पान, फूल, बी, देठ. वाळवल्याने किंवा उकळल्याने विष जात नाही. फुलं कापून ठेवलेल्या फुलदाणीतलं पाणीसुद्धा मुलांच्या हाताला लागू देऊ नये. यातली द्रव्यं हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतात. योग्य मात्रेत हृदयाचा ठोका सावकाश आणि जोरकस होतो. मात्रा जरा ओलांडली की तोच ठोका चुकायला लागतो. औषध आणि विष यांत इतकं कमी अंतर असलेली फार थोडी औषधं आम्ही वापरतो.

याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग नावाच्या वैद्याला १७७५ साली श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा घरगुती काढा कळला. अंगावर सूज येऊन फुगलेले, मोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी तिच्या काढ्याने बरे होत. काढ्यात वीस-एक वनस्पती होत्या. त्यांतली काम करणारी ही एकच, हे विदरिंगने ओळखलं. पुढची दहा वर्षं मात्रा किती द्यायची हे शोधण्यात घालवून १७८५ साली त्याने सगळी नोंद छापली, ज्यांना औषध लागू पडलं नाही त्यांच्यासकट. आज आम्ही लिहून देतो ती डिगॉक्सिनची गोळी १९३० साली शोधलेल्या द्रव्याची. ते जांभळ्यातून नव्हे, लॅनाटा नावाच्या बाल्कन भागातल्या केसाळ जातीतून काढलं जातं. गोळी पाव मिलिग्रॅमची असते. मिलिग्रॅमचा चौथा भाग! म्हाताऱ्या माणसाला, किडनी कमजोर असलेल्याला तीही निम्मी करून द्यावी लागते. पानात किती द्रव्य आहे हे घरी बसून कुणालाही सांगता येत नाही. म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर वाचून पानाचा काढा करायला निघालं तर त्याला हात धरून थांबवा. हृदयाचं औषध चालू असलेल्या माणसाने तर विशेष जपावं.

फॉक्सग्लोव्हचं नाव परकं वाटतं म्हणून लोक घाबरतात, पण याच प्रकारचं विष आपल्या दारात आधीपासून आहे. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. देवळाच्या कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकावर, शाळेच्या मैदानात सगळीकडे. तिच्या बियांत हृदयावर काम करणारी अशीच द्रव्यं असतात. लाल कण्हेरीत आहेत. बांधावरच्या रुईच्या चिकातही त्याच कुळातली द्रव्यं आहेत. बिट्टीच्या बिया खाल्लेले रोगी मी अपघात विभागात पाहिलेत, त्यांतले काही वाचले नाहीत. त्यामुळे ताई, दारात बिट्टी असेल तर तुम्ही फॉक्सग्लोव्हइतक्याच सावधपणे आधी तिच्याकडे बघा.

लक्षणं: मळमळ, उलट्या, पोटदुखी, भोवळ, नाडी मंद किंवा अनियमित. काही वेळा सगळं पिवळट-हिरवट दिसतं. मूल पान चावताना दिसलं तर लक्षणांची वाट बघू नका, मीठपाणी पाजून उलटी काढू नका. तोंडातलं पान काढा, झाडाची फांदी पिशवीत घाला आणि तडक मोठ्या दवाखान्यात या. ईसीजी आणि पोटॅशियम ताबडतोब बघावं लागतं.

आणि एक. फूल येण्याआधी हे झाड जमिनीलगत पानांचा झुबका असतं. आपल्याकडे हिवाळ्यात बायका रानातून पाथरी खुडून आणतात, ती झुबक्यासारखीच असते. पालक, चाकवत, पाथरी यांच्या जवळपास कुंडी ठेवू नका. पाहुणी आलेली आजी भाजी समजून खुडेल.

निशिगंधा_लातूर (जुलै)

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. कुंड्या आता गच्चीवरच ठेवीन, गच्चीच्या दाराला कडी आहे. शेजारच्या शाळेच्या कुंपणाला बिट्टी आहे, मुलं तिच्या फळांनी खेळतात. मुख्याध्यापकांशी उद्याच बोलते.

बालाघाट_शिवार (जुलै)

डॉक्टर, शेळ्या खातात का हे? आमच्याकडं शेळ्या गच्चीवर पण चढतात.

नाडीपरीक्षक (जुलै)

कडू असल्याने सहसा तोंड लावत नाहीत, पण उन्हाळ्यात हिरवं काहीच नसेल तर जनावर काहीही खातं. वाळलेला पाला चाऱ्यात मिसळला तर कडवटपणा लक्षात येत नाही, आणि विष तसंच राहतं. छाटलेली पानं उकिरड्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा.

कुंपणवेल_धाराशिव (जुलै)

धाराशिवला आमची छोटी रोपवाटिका आहे. बियांबद्दल सांगते. नणंदेला बी आणायला सांगू नका. परदेशातून बी किंवा रोप आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं. बॅगेत पाकीट टाकून आणणं नियमाबाहेर आहे, आणि त्यामागे कारण आहे. गाजरगवत परदेशी धान्यासोबत आलं आणि आज मराठवाड्यातला एक बांध त्यातून सुटलेला नाही. शिवाय जर्मनीत रानातला पिवळा फॉक्सग्लोव्ह संरक्षित आहे, तिथल्या जंगलातून बी गोळा करायचं नसतं.

भारतात बियाणं विकणाऱ्या कंपन्यांकडून घ्या. आपल्याकडे बहुतेक परप्युरियाचेच संकर मिळतात. फॉक्सी ही जुनी जात, पहिल्याच वर्षी फुलणारी म्हणून नावाजलेली. डाल्मेशियन आणि कॅमेलॉट या नव्या मालिकांनाही थंडी कमी लागते आणि दोन्हींत क्रीम रंग आहे. पण तो क्रीम, पिवळा नव्हे. खरा पिवळा हवा तर पाकिटावर ग्रँडिफ्लोरा किंवा लुटिया हे जातीचं नाव बघूनच घ्या. ग्रँडिफ्लोरात कॅरिलॉन नावाची बुटकी जात आहे, ती गुडघ्याच्याही खाली राहते आणि लवकर पेरली तर पहिल्या वर्षी फुलते. कुंडीला तीच बरी. मिळायला वेळ लागतो, आतापासून चौकशी करा. पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका. आमच्याकडे पिवळ्याच्या चित्राचं पाकीट आलं आणि सगळी रोपं गुलाबी फुलली, गिऱ्हाइकांना पैसे परत द्यावे लागले.

गच्ची_जालना (ऑगस्ट)

बी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं तर ती थंडी चालेल ना? मग श्रावणाची वाट बघायची गरज नाही.

मुरूमकुंडी (ऑगस्ट)

नाही हो. बियांना थंडी देणं आणि झाडाला थंडी देणं या दोन वेगळ्या गोष्टी. काही झाडांचं बी थंडीशिवाय उगवत नाही, फॉक्सग्लोव्हचं तसं नाही, ते सरळ उगवतं. फुलासाठीची थंडी वाढलेल्या झुबक्याने घ्यायची असते. म्हणून तर परभणीकरांचा मला हेवा वाटतो. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा आख्ख्या मराठवाड्यात खाली जातो.

निशिगंधा_लातूर (ऑक्टोबर)

कॅरिलॉनचं बी मिळालं, श्रावणात टाकलं, काकांनी सांगितलं तसं न झाकता. उगवण छान झाली. रोपमरीत काही गेली, उरलेली दसऱ्यानंतर मातीच्या कुंड्यांत लावली. पानं लांबट, कडेला बारीक दाते, वरून चकचकीत, मधली शीर खोल. आता एका पानावर नागमोडी पांढरी रेघ दिसतेय आणि दोन झुबक्यांच्या मध्यात मावा आहे. काय करू?

परभणीकर_मृदा (ऑक्टोबर)

नागमोडी रेघ म्हणजे नागअळी, ती पानाच्या आत असते. ते पान तोडून पुरून टाका, फवारणीने काही होणार नाही. माव्याला सकाळी पाण्याचा जोर, आणि तरी राहिला तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी. झुबक्याच्या पोटात पाणी साचू देऊ नका, तिथूनच कूज सुरू होते. फवारल्यावर कुंडी तिरकी करून निथळून घ्या.

खत आता हलकं. जास्त नत्र दिलं की पानं मऊ, मोठी होतात आणि मावा पुन्हा येतो.

रानवाटा_खुलताबाद (जानेवारी)

माझ्याकडे लुटिया आहे, ओट्यावर. झुबका चांगला झालाय, दांड्याचं अजून नाव नाही. पण इथे पहाटे दवाने पानं भिजतात आणि ऊन आलं की एकेक पान ताठ होतं, ते बघायला मी चहा घेऊन बाहेरच बसतो.

निशिगंधा_लातूर (फेब्रुवारी)

मंडळी, दांडा आला! एका कुंडीत नव्हे, तीन कुंड्यांत. सुरुवातीला झुबक्याच्या मधोमध पानं गुंडाळल्यासारखी घट्ट झाली, मला वाटलं रोग पडला. मग त्यातून हिरवा, खाली मान घातलेला शेंडा वर आला. आज सकाळी खालच्या दोन घंट्या उघडल्या. जवळून बघितलं तर बाहेरून अगदी बारीक लव आहे, हाताला मखमल लागते. खालचा ओठ थोडा पुढे आलेला. आत वाकून बघितलं तर ती तपकिरी जाळी घशापर्यंत गेलेली, आणि छताला चिकटून पुंकेसरांच्या दोन जोड्या. व्हिडिओत यातलं काहीच कळत नाही.

आता एक प्रश्न. फुलं खालून वर उघडत चाललीत. मधमाशा येतात पण आत शिरत नाहीत. बी धरेल का?

मुरूमकुंडी (फेब्रुवारी)

अभिनंदन ताई! फार आनंद झाला.

युरोपात याचं परागीभवन बंबलबी करते, जाड अंगाची केसाळ माशी. ती खालच्या फुलापासून सुरू करून वर चढत जाते. ती माशी भारतात हिमालयाकडे आहे, आपल्याकडे नाही. आपले काळे भुंगे येतील, पण त्यांची सवय वेगळी. टिकोमाच्या पिवळ्या फुलांना ते बुडाशी चीर पाडून बाहेरूनच मध पितात, परागकणांना हात न लावता. इथेही तसं केलं तर बी धरणार नाही.

म्हणून हाताने करा. या फुलात आधी परागकण पिकतात, स्त्रीकेसराचं टोक नंतर उघडतं. त्यामुळे नुकत्याच उघडलेल्या वरच्या फुलातून मुलांच्या रंगकामाच्या मऊ ब्रशने पिवळी भुकटी घ्या आणि चार दिवस जुन्या खालच्या फुलात, दोन फाकांत उघडलेल्या टोकाला लावा. सकाळी दहाच्या आत. दुसऱ्या कुंडीतलं फूल घेतलंत तर जास्त चांगलं. जवळपास गुलाबी फॉक्सग्लोव्ह नाही ना? ग्रँडिफ्लोरा आणि परप्युरिया यांचा संकर होतो. इंग्लंडमधल्या जॉन इनिस संस्थेत १९२० च्या दशकात अशाच संकरातून फिक्या तांबूस रंगाची जात तयार झाली, ती आजही विकली जाते. तुम्हाला शुद्ध पिवळा हवा तर दोन्ही एकत्र ठेवू नका.

काम झालं की हात साबणाने धुवा.

गच्ची_जालना (मार्च)

ताई, बी झालं तर थोडं पाठवाल का? टपालखर्च मी देईन. माझ्याकडे उन्हाळ्यात हे झाड जगवायचं कसं तेही सांगा.

निशिगंधा_लातूर (मार्च)

नक्की पाठवते. बोंडं धरलीत, अजून हिरवी आहेत. उन्हाळ्याचं काकाच सांगतील, मलाही ते हवंय. दुपारी पारा अडतीसवर जायला लागलाय आणि वरची उरलेली फुलं लवकर गळतायत.

मुरूमकुंडी (मार्च)

खालची पाच-सहा बोंडं ठेवून वरचा दांडा आजच कापा. सगळी बोंडं पोसायला लावलंत तर झाड त्यातच संपतं. बोंड तपकिरी होऊन टोकाला फाकायला लागलं की कागदी पाकिटात झाडून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम धरतो. गच्ची_जालना, तुम्हीही पाकिटावर जात आणि विषारी असल्याचं मोठ्या अक्षरात लिहून घ्या, घरातलं कुणीतरी भाजीचं बी समजून टाकतं.

कुंड्या गच्चीवरून खाली आणा. तापलेल्या स्लॅबवर मुळं शिजतात, वर जाळी लावूनही फरक पडत नाही. पूर्वेच्या भिंतीला, नऊपर्यंत ऊन आणि नंतर सावली, अशी जागा बघा. ताई, लहान मुलाचा हात पोचणार नाही अशा कट्ट्यावर. मोठी रिकामी कुंडी घेऊन तिच्यात ही कुंडी बसवा आणि मधल्या फटीत ओली वाळू भरा. पाणी वाळूला घालायचं, मुळं गार राहतात आणि पाणी निम्मं लागतं. खत पूर्ण बंद. झुबका सुकून गेला तरी पावसाळ्याच्या पहिल्या सरीपर्यंत कुंडी रिकामी करू नका, बुडातून फुटवा येऊ शकतो. आणि मृगाचा पाऊस लागला की बाहेरची कुंडी लगेच काढून टाका, नाहीतर त्या वाळूत पाणी साचून उन्हाळ्यात जगलेलं झाड पावसात जाईल.